जुन्या मोटारीची निगा

भिंतींना रंग देण्याआधी गळके छप्पर शाकारून घ्यावे, हे शहाणपण कोकणातल्या साध्या गृहस्थाला कोणी शिकवावे लागत नाही. मोटारीच्या बाबतीत मात्र हाच गृहस्थ पुष्कळदा उलट क्रमाने वागतो. जुनी मोटार हाती आली की पहिला विचार रंगाचा, दुसरा आसनांच्या कव्हरांचा आणि तिसरा चकचकीत चाकांचा. ब्रेक, पेट्रोलची नळी, स्टिअरिंगचे सांधे यांची पाळी त्यानंतर येते. आणि तोवर पैसा व उत्साह दोन्ही आटलेले असल्यामुळे कित्येकदा ती येतच नाही. मोटार स्पोर्ट्स जातीची असेल तर हा मोह अधिकच बळावतो. कारण अशी मोटार माणूस गरजेपोटी घेत नाही, तिच्या रूपावर लुब्ध होऊन घेतो.

भारतात स्पोर्ट्स मोटारी फार थोड्या बनल्या. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने १९६१ पासून बांधलेली हेरल्ड ही काही खरी स्पोर्ट्स मोटार नव्हे. पण इंग्लंडमध्ये तिच्याच सांगाड्याच्या आखूड आवृत्तीवर स्पिटफायर ही स्पोर्ट्स मोटार उभी राहिली होती, आणि आपल्याकडील अनेक हौशी तरुणांनी हेरल्डवरच आपली हौस भागवून घेतली. पुढे विसाव्या शतकाच्या अखेरीस बेंगळुरूच्या सॅन उद्योगाने एक धाडस केले. छोटी रेल्वे इंजिने बांधणाऱ्या या उद्योगाने गोव्यात ‘सॅन स्टॉर्म’ नावाची दोन आसनांची, उघड्या छताची मोटार काढली. तिला रेनो या फ्रेंच कंपनीचे ११४९ घन सेंटिमीटरचे, सुमारे ६० अश्वशक्तीचे इंजिन होते आणि अंगावर फायबरग्लासचे कवच होते. ही मोटार थोड्याच संख्येने बनली आणि कालांतराने तिचे उत्पादन थांबले. आज ज्याच्या दारात अशी गाडी उभी आहे, त्याला शोरूममध्ये जाऊन सुटा भाग मागण्याची सोय नाही. कारखाना मागे हटला म्हणजे त्याची जबाबदारी आपसूक मालकाकडे येते, ही जुन्या मोटारीच्या व्यवहारातील मूळ गोष्ट होय.

ही जबाबदारी पेलण्यास अनुकूल अशी जी थोडी ठिकाणे दक्षिणेत आहेत, त्यांत बेंगळुरूच्या दक्षिणेचा आनेकल तालुका मोडतो. तमिळनाडूच्या सीमेला भिडलेल्या या तालुक्यात बोम्मसंद्र, जिगणी आणि अत्तिबेले या औद्योगिक वसाहती आहेत. नोकरीनिमित्त येथे येऊन स्थायिक झालेल्यांत मराठी कुटुंबेही आहेत. एखादी झिजलेली बुश नमुन्याबरहुकूम लेथवर कातून घ्यावयाची असेल, रबराचा एखादा वॉशर कापून घ्यावयाचा असेल, तर त्यासाठी लांब जावे लागत नाही. नवे सुटे भाग बेंगळुरूच्या जे. सी. रोडवर शोधावे आणि जुने शिवाजीनगरच्या गुजरी बाजारात. मात्र हातात जुना भाग आणि त्याचे मोजमाप घेऊनच घराबाहेर पडावे. ‘साधारण एवढा’ असे हाताने दाखवून आणलेला भाग सहसा परत करावा लागतो.

घरच्या घरी दुरुस्ती करणाऱ्याने कामांचा क्रम एकदाच ठरवून टाकावा: आधी गाडी थांबली पाहिजे, मग ती वळली पाहिजे, मग ती चालली पाहिजे आणि सर्वांत शेवटी ती शोभली पाहिजे. आणि या सर्वांच्याही आधी दुरुस्ती करणारा सुरक्षित राहिला पाहिजे. जॅक हे गाडी उचलण्याचे साधन आहे, उचललेली गाडी तोलून धरण्याचे नव्हे. जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हातही घालू नये. गाडी उचलल्यावर सांगाड्याच्या भक्कम भागाखाली लोखंडी घोड्या लावाव्या, जमिनीवर राहिलेल्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळ्यांची अडण द्यावी आणि गाडी हाताने हलवून पाहावी. आनेकलच्या बाजूची तांबडी माती पावसानंतर मऊ पडते, आणि अंगणात टेकवलेली घोडी नकळत एका अंगाला रुतते. म्हणून हे काम सिमेंटच्या जमिनीवरच करणे उत्तम.

आता सांगाड्याकडे वळू. पत्र्याच्या मोटारीत गंज लागला की तो आपण होऊन तोंड दाखवतो. रंगाला फोड येतात, दाराच्या तळाशी पापुद्रे सुटतात आणि मालक सावध होतो. फायबरग्लासची गोष्ट वेगळी आहे. काचेच्या बारीक तंतूंची चटई रेझिनमध्ये भिजवून हे कवच तयार करतात. ते गंजत नाही, ही त्याची थोरवी आणि तोच त्याचा धोका. कारण ज्या पोलादी भागांवर हे कवच, चाकांचे दांडे आणि आसने आवळलेली असतात, ते भाग आत गंजत असले तरी बाहेरचे अंग तुकतुकीतच राहते. समुद्राकाठी वर्षे काढलेल्या गाडीबद्दल तर हा संशय आधी घ्यावा. उजेडाची बत्ती घेऊन गाडीच्या पोटाखाली प्रत्येक जोड तपासावा आणि हलक्या हातोडीने पोलाद ठोकून पाहावे. निरोगी पोलाद खणखणीत वाजते, कुजलेले बद्द वाजते. संशयाच्या जागी स्क्रूड्रायव्हरचे टोक दाबावे. ते आत गेले तर रंगकामाचा बेत त्याच दिवशी पुढे ढकलावा. सांगाड्याचे वेल्डिंग हे हौशी माणसाचे काम नव्हे. ते कुशल कारागिराकडूनच करून घ्यावे. त्याआधी बॅटरीची जोडणी काढून ठेवावी आणि पेट्रोलची टाकी गाडीपासून दूर करावी, कारण ठिणगीला पेट्रोलची वाफ पुरते आणि फायबरग्लासही पेट घेते.

ब्रेकच्या बाबतीत मालकाची सर्वांत मोठी चूक म्हणजे ब्रेक ऑइलला वय नसते असे समजणे. हे तेल हवेतील ओल शोषून घेते. डॉट-४ जातीच्या ताज्या तेलाचा उकळबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा असे प्रमाण आहे. ओल शोषलेल्या तेलासाठी तेच प्रमाण १५५ अंशांवर येते. सपाट रस्त्यावर हा फरक जाणवत नाही. पण नंदी टेकडीवरून उतरताना किंवा गोव्याकडे घाट उतरताना ब्रेक सतत दाबला जातो, चाके तापतात, तेलातील पाणी उकळून वाफ होते आणि वाफ दाबली जात असल्यामुळे पायाखालचा पेडल एकाएकी तळाला जातो. म्हणून दर दोन वर्षांनी तेल बदलावे. हे काम दोघांनी मिळून करावयाचे असते: एकाने पेडल दाबून धरावा, दुसऱ्याने चाकामागचे निप्पल सैल करून हवा आणि जुने तेल बाहेर जाऊ द्यावे, निप्पल पुन्हा आवळावे आणि मगच पहिल्याने पाय उचलावा. साधारणतः सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करतात, आणि वरचे भांडे मध्येच रिकामे होऊ देत नाहीत. तेलाचा थेंब रंगावर पडला तर ताबडतोब पाण्याने धुवावा, नाहीतर रंग उखडतो. रबरी नळ्यांना भेगा असतील किंवा व्हील सिलिंडर झिरपत असेल तर नुसते तेल बदलून भागत नाही. ते भागच बदलावे लागतात.

टायरच्या बाबतीत नजर फसते. हौसेची गाडी वर्षातून थोडीच धावते, त्यामुळे टायरची नक्षी शाबूत दिसते. पण आतले रबर वयाने कडक झालेले असते. टायरच्या बाजूवर उत्पादनाची तारीख चार आकड्यांत कोरलेली असते. ‘२३१८’ असे असेल तर तो टायर २०१८ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला असे समजावे. ओल्या रस्त्यावर जुना कडक टायर घसरतो, आणि नवा सुंदर रंग त्याला आवरू शकत नाही.

पेट्रोलच्या नळ्यांचा प्रश्न अलीकडे अधिक निकडीचा झाला आहे. देशात २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची विक्री २०२३ साली सुरू झाली आणि २०२५ पर्यंत ते सर्वत्र पसरले. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या गाड्यांचे रबर या इंधनासाठी योजलेले नव्हते. इथेनॉलने काही प्रकारचे जुने रबर फुगते, मऊ पडते किंवा त्याला भेगा जातात. शिवाय इथेनॉल पाणी ओढते आणि टाकीच्या तळाशी साठलेला गाळ मोकळा करून फिल्टरमध्ये आणून सोडते. म्हणून जुन्या गाडीच्या पेट्रोलच्या सर्व नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या, आणि इंधन दाबाने जात असेल तर त्या दाबाला पुरणाऱ्या जातीच्या घालाव्या. क्लिपाही नव्या घ्याव्या. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकीत जुने पेट्रोल साठवून ठेवू नये. गाडीत बसताना पेट्रोलचा वास आला तर ‘जुन्या गाडीला येतोच’ असे म्हणून सोडून देऊ नये. तो वास म्हणजे आगीची पूर्वसूचना होय.

इंजिनाच्या तब्येतीवर आनेकलच्या उंचीचाही परिणाम होतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरील या पठारावर हवा आठ-दहा टक्क्यांनी विरळ असते. त्यामुळे किनाऱ्यावर जुळवलेला कार्बुरेटर येथे हवेच्या मानाने जास्त पेट्रोल देतो. प्लग काळे पडतात आणि गाडी खोकते. हेरल्डसारख्या गाडीत जेट आणि हवेचा स्क्रू पुन्हा जुळवला की हा दोष जातो. स्टॉर्मसारख्या इंधन फवारणाऱ्या इंजिनात हे काम हवेचा दाब मोजणारे उपकरण करते. तेथे स्क्रू शोधत बसण्यापेक्षा त्या उपकरणाची नळी आणि जोडणी तपासावी. याच उंचीवर साधे पाणी १०० ऐवजी सुमारे ९७ अंशांवर उकळते. रेडिएटरच्या झाकणातील स्प्रिंग आतला दाब वाढवून उकळबिंदू १५-२० अंशांनी वर नेते. म्हणून थोड्या किमतीचे ते झाकण सैल झाले की बेंगळुरूच्या वाहतुकीत गाडी उकळू लागते. तापलेल्या गाडीचे झाकण मात्र केव्हाही उघडू नये. ज्या इंजिनात टायमिंग बेल्ट आहे तेथे त्याचे वय केवळ किलोमीटरवर मोजू नये, वर्षांवरही मोजावे. उभ्या गाडीतही रबर म्हातारे होते, आणि हा पट्टा तुटल्यास कित्येक इंजिनांत व्हॉल्व्ह व पिस्टन एकमेकांवर आदळून इंजिन निकामी होते.

विजेची गंमत फायबरग्लासच्या गाडीत आणखी निराळी. पत्र्याच्या गाडीत प्रत्येक दिव्याकडे एकच तार नेली तरी चालते, कारण परतीचा मार्ग गाडीचा पत्राच पुरवतो. फायबरग्लासमधून वीज वाहत नाही. तेथे प्रत्येक दिव्याला परतीची तार सांगाड्यापर्यंत वेगळी न्यावी लागते. ही जोडणी गंजली की दिवे मंद जळतात, एका बाजूचा इंडिकेटर लावला की दुसराच दिवा लुकलुकतो, आणि मालक बॅटरी, डायनॅमो, बल्ब सारे काही बदलून थकतो. अशा वेळी आधी अर्थिंगची टोके सोडवावी, पॉलिश पेपरने घासून उजळ करावी आणि पुन्हा घट्ट आवळावी. निम्मे दोष एवढ्यानेच नाहीसे होतात. दिव्यांचा उजेड वाढवण्यासाठी जास्त शक्तीचे बल्ब जुन्या तारांवर चढवणे हे मात्र गाडीला आपल्या हाताने आग लावण्यासारखे आहे.

एवढे झाल्यावर रूपाकडे वळण्याचा अधिकार मालकाला प्राप्त होतो. फायबरग्लासला पत्र्यासारखा पोचा येत नाही. त्याला कोळिष्टकासारख्या बारीक भेगा जातात. त्यांवर नुसती पुट्टी भरून रंग फासला तर काही महिन्यांत त्याच भेगा पुन्हा वर येतात. योग्य रीत अशी की भेग इंग्रजी व्ही आकाराने उकरून काढावी, शक्य तेथे मागच्या बाजूने काचतंतूची चटई रेझिनने चिकटवून जागा बळकट करावी, पूर्ण वाळू द्यावी आणि मगच वरून भरून घासावी. रेझिनमध्ये हार्डनर उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणातच घालावा. घाईने जास्त घातला तर रेझिन तापून तडकते. हवा कोरडी असावी लागते. बेंगळुरूच्या परिसरात सप्टेंबर-ऑक्टोबरात पाऊस भरपूर पडतो, म्हणून फेब्रुवारी-मार्चचे दिवस या कामाला चांगले. घासताना उडणारी काचेची पूड छातीला अपायकारक असते. नाकातोंडावर साधा रुमाल बांधून भागत नाही, धुळीचा योग्य मुखवटाच हवा, आणि कोरडे घासण्यापेक्षा पाणी लावून घासणे बरे.

रंग उजळण्याची कला समजून घ्यावयाची असेल तर जिगणीच्या ग्रॅनाइट कारखान्यांकडे पाहावे. तेथे करवतीतून निघालेला खडबडीत दगड एका झटक्यात आरसा होत नाही. आधी जाड कणांनी, मग त्याहून बारीक, मग अतिबारीक कणांनी तो क्रमाक्रमाने घासला जातो. प्रत्येक पायरी मागच्या पायरीचे ओरखडे पुसते. गाडीच्या रंगाचेही असेच. वॉटर पेपर ८०० नंबरचा, मग १२००, मग २००० आणि शेवटी रबिंग कंपाउंड, असा क्रम न मोडता जावे. एखादी पायरी गाळली तर ओरखडे चकाकीखाली दडून राहतात आणि उन्हात पुन्हा दिसू लागतात. कडांवर हात हलका ठेवावा, कारण तेथे रंगाचा थर पातळ असतो. मूळ रंग जिवंत असेल तर नवा देण्यापेक्षा जुनाच उजळावा. पूर्ण रंगकामासाठी वापरतात त्या दोन घटकांच्या रंगांची वाफ फुप्फुसांना घातक असते. ते काम बंदिस्त खोलीत, योग्य साधनांनिशी, व्यावसायिकानेच करावे. फायबरग्लासचे कवच भट्टीत पत्र्याएवढे तापवू नये, हेही त्याला आधी सांगावे.

बाकीची सजावट सोपी आणि आनंददायक असते. पिवळट पडलेल्या हेडलाइटच्या काचा बहुधा प्लास्टिकच्या असतात. त्याही वरील क्रमानेच घासून स्वच्छ होतात, पण नंतर ऊन अडवणारा लेप दिला नाही तर त्या लवकरच पुन्हा पिवळ्या पडतात. कापडी छताची मागची पारदर्शक खिडकी थंड सकाळी दुमडू नये. प्लास्टिक तेव्हा कडक असते आणि घडीवर चिरते. ओले छत घडी घालून ठेवले की बुरशी धरते. आसनांचे कापड शिवून घेताना खालचा स्पंजही तपासावा. पाणी धरून बसलेला स्पंज आसनाखालचे बोल्ट गंजवतो, आणि आसन त्या बोल्टांवरच उभे असते.

सजावटीला कायद्याचीही मर्यादा आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार कारखान्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ही गोष्ट पुन्हा स्पष्ट केली. रंग बदलला तर त्याची नोंद नोंदणीपत्रात करून घ्यावी लागते. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते. त्यानंतर तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ हा दर्जा पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या वाहनांनाच मिळतो. २००० साली बनलेल्या गाडीला त्यासाठी २०५० साल उजाडावे लागेल. तोवर ती गाडी मूळ रूपात टिकवायची असेल, तर आज काढून टाकलेला प्रत्येक मूळ भाग भंगारात न देता चिठ्ठी बांधून ठेवून द्यावा.

याच कारणासाठी प्रत्येक जुन्या गाडीची एक वही असावी. कोणता भाग कधी बदलला, कोठून आणला, त्याचे माप काय, ब्रेकचे तेल केव्हा भरले, कोणती तार कोणत्या रंगाची, हे सारे तारखेनिशी त्यात लिहावे. ज्या गाडीचा कारखाना उरला नाही तिला दुसरे माहितीपुस्तक मिळणार नाही. पुढच्या मालकाला, किंवा घरच्याच पुढच्या पिढीला, ही वहीच वाट दाखवील. वहीच्या पहिल्या पानांवर सांगाडा, ब्रेक आणि पेट्रोलच्या नळ्या आल्या असतील आणि रंगाची नोंद बरीच मागे असेल, तर ती गाडी योग्य हाती पडली असे खुशाल समजावे.